बूट काढून बघा

(दिल्ली परिसरातील मराठी भाषक रेल्वे कामगार, त्यांचे कुटुंबीय व निवृत्त साथी यांच्या मेळाव्यात युनियनच्या शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बोलायला उभे राहिलो की विषय कोणता असणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असते. महागाई भत्ता, रिकाम्या जागा, पेन्शन, कंत्राटदारी. हे विषय संपलेले नाहीत आणि त्यांवरचा लढाही थांबलेला नाही. पण आज आम्ही त्यांतला एकही विषय घेणार नाही. आज आम्ही पायांविषयी बोलणार आहोत. ज्यांना साखरेचा आजार आहे, त्यांच्या पायांविषयी.

आम्ही डॉक्टर नाही. मॅट्रिक झालो आणि रेल्वेत लागलो. जे सांगणार आहोत ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि मुख्य म्हणजे ठेच खाऊन शिकलो आहोत. ही ठेच कोणती, ते आधी सांगतो. त्यात आमची चूक आहे, आणि ती लपवून पुढचे सांगण्याचा अधिकार आम्हाला राहत नाही.

आमच्या शाखेत एक कीमन साथी होते. जळगावकडचे, वय अठ्ठेचाळीस. नाव सांगत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. कीमनचे काम बाहेरच्या लोकांना माहीत नसते म्हणून सांगतो. आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी चालत तपासायचा, ढिली झालेली क्लिप हातोड्याने बसवायची, कुठे तडा दिसला तर गाडी थांबवायची. मेन लाइनच्या एका किलोमीटरमध्ये साधारण १,६६० स्लीपर असतात. या साथींची नजर त्या प्रत्येक स्लीपरवर असे. त्यांच्या हद्दीत कधी तक्रार आली नाही.

त्यांना सहा वर्षांपासून साखर होती. रेल्वेच्या दवाखान्यात त्याची नोंद नव्हती. बाहेरच्या डॉक्टरकडून गोळ्या घेत, कारण कार्डावर साखर चढली तर मेडिकलमध्ये कॅटेगरी जाईल ही भीती. एका जानेवारीत, धुक्याच्या दिवसांत, गँगहटमध्ये शेकोटीजवळ पाय शेकत बसले. तळव्याला फोड आला. दुखला नाही. दुखला नाही म्हणून त्यांनी तो पाहिलाही नाही. त्यावर बूट चढवून नऊ दिवस लाइन चालले. मोज्याला डाग दिसला तेव्हा ते आमच्या कचेरीत आले आणि विचारले, "सिक मेमो घेऊ का?"

साथींनो, आम्ही त्यांना काय सांगितले ते ऐका. आम्ही म्हणालो, तुमचे मेडिकल दोन महिन्यांवर आहे, आत्ता सिकमध्ये गेलात तर साखर उघडी पडेल, चार दिवस रजा टाका, पट्टी बांधा, बरे होईल. आम्हाला वाटले आम्ही त्यांची नोकरी वाचवतो आहोत. आम्ही त्यांना बूट काढायला सांगितले नाही. जखम पाहिली नाही. खुर्चीत बसून सल्ला दिला.

वास आला तो त्यांच्या पत्नीला. तेव्हा पाय काळा पडू लागला होता. तीन आठवड्यांत गुडघ्याखाली पाय कापावा लागला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा वहिनी रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊ, गेटवर तुम्ही एवढ्या सभा घेतल्या. एकदा तरी बूट काढून बघा म्हणायचं होतं."

आजचे भाषण त्या एका वाक्याला उत्तर म्हणून आहे.

आता प्रश्न असा की फोड दुखला का नाही? भाजले तर कुणालाही दुखते. इथेच या आजाराची खरी मेख आहे. रक्तातली साखर अनेक वर्षे चढी राहिली की पायात दोन प्रकारचे नुकसान होते. आपल्या रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर एक बिघाड सिग्नलच्या केबलमध्ये होतो आणि दुसरा पाण्याच्या पाइपात.

सिग्नलची केबल म्हणजे नसा, ज्यांतून स्पर्शाची, दुखण्याची, गरम-थंडची खबर मेंदूकडे जाते. साखरेने या नसा बोटांच्या टोकांपासून मरत वर येतात. आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, कापसावर चालल्यासारखे वाटते. मग हळूहळू काहीच वाटेनासे होते. लोक म्हणतात, आग थांबली, बरे झाले. खरे तर अनेकदा केबलच तुटलेली असते. मग खिळा टोचला तरी खबर नाही, बुटात खडा राहिला तरी खबर नाही, शेकोटीने भाजले तरी खबर नाही.

पाण्याचा पाइप म्हणजे रक्तवाहिन्या. त्या आतून अरुंद होतात. पायाला रक्त कमी पोचते, त्यामुळे जखम भरत नाही आणि जंतू मात्र वाढतात. ज्याच्या नसा शाबूत आहेत त्याला याची सूचना मिळते. थोडे चालले की पोटरी आवळल्यासारखी दुखते आणि दोन मिनिटे थांबले की बरे वाटते. पण ज्याची केबलही तुटली आहे त्याला पोटरीचे हे दुखणेही जाणवत नाही. पाइप बंद होत आला तरी माणूस निवांत चालत राहतो. म्हणून "माझे पाय दुखत नाहीत, मला काही झालेले नाही" हे वाक्य साखरेच्या माणसाने कधी बोलू नये. न दुखणे हेच कदाचित त्याचे दुखणे असेल.

आणि यात विडी-सिगारेटची भर पडली तर पाइप आणखी लवकर बंद होतो. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून विडी ओढणारे साथी समोर बसलेले आम्हाला दिसत आहेत. त्यांनी साखर आणि विडी यांतली एक गोष्ट तरी सोडावी. साखर सुटण्यासारखी नाही, तेव्हा कोणती सोडायची ते उघड आहे.

ही काही थोड्या लोकांची गोष्ट नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे देशभराचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांमध्ये शंभरात अकराहून अधिक. आपल्या गोव्यात तर शंभरात सव्वीस, सगळ्या राज्यांत जास्त. हा श्रीमंतांचा, बसून खाणाऱ्यांचा आजार आहे असे कुणी म्हणत असेल तर त्याने आमच्या गँगमध्ये यावे. पाळ्यांची ड्यूटी, अवेळी जेवण, अर्धी झोप, चहात तीन चमचे साखर. आजाराला बसायला जागा आम्हीच करून देतो.

पाय कापावे लागलेल्या मधुमेहींची कहाणी मागे जाऊन पाहिली तर बहुतेकांच्या बाबतीत सुरुवात एका साध्या जखमेने झालेली असते. फोड, भेग, टोचलेला बूट, चुकीचे कापलेले नख. म्हणजे पाय जाण्याआधी वेळ मिळतो. तो वेळ आपण न बघण्यात घालवतो.

न दुखणाऱ्या पायाचा धडा जगाला बऱ्याच अंशी आपल्याच देशाने शिकवला आहे. डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होते. कुष्ठरोग्यांची बोटे आणि पाय रोगामुळे आपोआप सडतात असे तेव्हा सर्रास मानले जाई. डॉ. ब्रँड यांनी दाखवून दिले की मांस आपोआप सडत नाही. नस मेलेली असते, माणसाला दुखत नाही, म्हणून तो त्याच जखमेवर चालत राहतो आणि पाय झिजवून टाकतो. जखमेला विश्रांती दिली, मऊ रबराची चप्पल दिली, तर तीच जखम भरते. पुढे ते अमेरिकेत गेले आणि हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांना लागू पडले. आनंदवनाचे नाव ऐकत वाढलेल्या आपल्या मराठी माणसाला हे वेगळे समजवायला नको. तिथे पाय रोज धुऊन, तपासून का ठेवतात, तेच कारण इथे आहे. आपल्या नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनीही मधुमेही पायांवर अनेक वर्षे काम केले. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या जोड्या तयार करून त्यांना पाय तपासायला शिकवण्याच्या 'स्टेप बाय स्टेप' या उपक्रमात त्यांचा मोठा वाटा होता. म्हणजे ज्ञान आहे, माणसे आहेत. ते ज्ञान आमच्या गँगहटपर्यंत आलेले नाही, एवढेच.

आता तपासणी कशी असते ते ऐका, म्हणजे दवाखान्यात गेल्यावर काय मागायचे ते तुम्हाला कळेल. साखर असलेल्या प्रत्येकाची पायांची पूर्ण तपासणी वर्षातून एकदा तरी झाली पाहिजे. मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहात तर आजार कळला त्या दिवसापासून, कारण तो कळण्याआधी कित्येक वर्षे अंगात असू शकतो. या तपासणीत चार गोष्टी येतात.

पहिली गोष्ट, नजर. डॉक्टरने बूट-मोजे काढायला लावून दोन्ही पाय वरून, खालून आणि बोटांच्या बेचक्यांत पाहिले पाहिजेत. घट्टे, कुरूप, भेगा, नखे, वाकडी झालेली बोटे. आणि बूटही पाहिला पाहिजे.

दुसरी, स्पर्श. नायलॉनचा एक जाडसर धागा असतो. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅम जोर पडतो. डोळे मिटून बसायचे आणि टेकल्याचे कळले की सांगायचे. तो जोर कळला नाही तर पायाचे संरक्षण गेले असे समजायचे. त्याबरोबर कंप पावणारा चिमटा, ज्याला ट्यूनिंग फोर्क म्हणतात, अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर कळते का तेही पाहतात. धाग्याची किंमत फार नाही आणि तो वापरायला दोन-तीन मिनिटे लागतात.

तिसरी, नाडी. हाताला नाडी असते तशी पायालाही असते. एक पावलाच्या वरच्या बाजूला, दुसरी आतल्या घोट्याच्या मागे. डॉक्टर बोटांनी त्या चाचपतात. पाय गार आहे का, कातडी चकचकीत आणि केस नसलेली झाली आहे का, हेही पाहतात.

चौथी, नाडी नीट लागली नाही तर दाबाची तुलना. दंडावरचा रक्तदाब आणि घोट्यावरचा रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचे. उदाहरणार्थ, दंडावर १४० आणि घोट्यावर ९८ आले तर भागाकार ०.७. हा आकडा ०.९ पेक्षा कमी असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत असे समजतात. पण साखरेच्या माणसात एक फसवणूक असते. रक्तवाहिनीची भिंत चुना साचल्यासारखी कडक होते, दाबली जात नाही आणि आकडा खोटाच मोठा येतो. तो १.३ च्या वर गेला तर "फार छान" असे समजू नका. अशा वेळी पायाच्या अंगठ्यावरचा दाब मोजतात किंवा डॉप्लर तपासणी करतात.

डॉप्लर म्हटल्यावर घाबरू नका. रुळाच्या पोटातला तडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण रुळावरून ध्वनिलहरींचे यंत्र फिरवतो. तेच ध्वनीचे शास्त्र इथे रक्ताचा प्रवाह ऐकायला वापरतात. गाडी स्टेशनात शिरताना कॅरेजचा माणूस अ‍ॅक्सल बॉक्स गरम झाला आहे का ते बघतो. पायाचेही तसेच आहे. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेला असेल, पण दुखत नसेल, तर तो शार्को पाय असू शकतो. त्यात पायाची हाडे आतल्या आत मोडत असतात. अशा पायावर एक पाऊलही टाकू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. साथींनो, गरम अ‍ॅक्सल घेऊन आपण गाडी पुढे जाऊ देतो का?

पुढची तपासणी कधी, हे यावरून ठरते. सगळे ठीक असेल तर वर्षाने. स्पर्श गेला असेल किंवा नाडी मंद असेल तर सहा महिन्यांनी ते वर्षाने. दोन्ही असतील किंवा पावलाचा आकार बिघडला असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. आधी कधी जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी.

आता दवाखान्यात न जाता, काहीही साधन नसताना करता येण्याजोगी एक चाचणी सांगतो. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ती तयार केली. साखरेचा माणूस डोळे मिटून बसतो, बूट-मोजे काढलेले. दुसऱ्याने आपल्या बोटाच्या टोकाने त्याच्या पायाच्या बोटांच्या टोकांना एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करायचा. दाबायचे नाही, टोचायचे नाही, चोळायचे नाही. आधी उजवा अंगठा, मग उजवी करंगळी, मग डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवे मधले बोट आणि डावे मधले बोट. कळले की त्याने "हो" म्हणायचे. न कळलेल्या बोटाला पुन्हा हात लावायचा नाही. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही तर स्पर्श कमी झाला आहे असे समजून डॉक्टरकडे जायचे. सहाही कळले तरी वर्षाची तपासणी चुकवायची नाही, कारण या चाचणीत रक्तपुरवठा कळत नाही.

ही चाचणी आम्ही मागच्या महिन्यात युनियनच्या कचेरीत केली. साखर असलेले अकरा जण होतो. "होतो" म्हणतो, कारण आम्हालाही चार वर्षांपासून साखर आहे. आधी सगळे हसले. सचिव पाय पुढे करून बसलेत आणि खजिनदार बोटांना हात लावतायत, हे चित्र हसण्यासारखेच होते. मग आमचे डोळे मिटले आणि थोड्या वेळाने खजिनदार म्हणाले, झाले. आम्ही विचारले, सुरुवात कधी करणार? सहापैकी तीन बोटांचे आम्हाला कळलेच नव्हते. त्यानंतर कुणी हसले नाही. अकरापैकी चौघांचे असेच निघाले. आम्ही रोज त्या पायांनी उभे राहून घोषणा देत होतो.

आता रोजचे काम. रोज रात्री पाय धुऊन, बेचक्यांसह कोरडे करून, उजेडात पाहायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवायचा, नाहीतर घरच्यांनी पाहायचे. भगिनींनो, हे काम तुमच्यावर टाकतो असे समजू नका. तुमच्यातही साखर आहे आणि तुमचे पाय घरात सगळ्यांत शेवटी पाहिले जातात. तेव्हा एकमेकांचे पाहा. टाचांना तेल किंवा मलम लावा, पण बोटांच्या मध्ये लावू नका, तिथे ओल राहते. नखे सरळ कापा, कोपरे खोल कापू नका. कुरूप ब्लेडने कापू नका आणि बाजारातले कुरूपाचे औषध किंवा पट्टी लावू नका, त्यातल्या आम्लाने चांगली कातडीही जळते.

बूट घालण्याआधी उलटा करून झटका आणि आत हात फिरवा. लाइनवर काम करणाऱ्याच्या बुटात खडी शिरतेच. नवा बूट संध्याकाळी घ्या, कारण तोपर्यंत पाय थोडा फुगलेला असतो. जुलै २०१७ पासून ट्रॅकमनला वर्षाला ५,००० रुपये गणवेश भत्ता रोख ठरला आणि पुढे तो वाढला. पैसे हातात येतात, ते घरखर्चात जातात आणि बूट मागच्या वर्षीचाच राहतो. पगाराच्या तारखेला हातावर कात्री किती बसते ते आम्हाला ठाऊक आहे. तरीही सांगतो, साखर असेल तर घरातला पहिला खर्च बुटाचा.

दिल्लीच्या थंडीत पाय सुन्न पडतात. शेकोटी, हीटर, गरम पाण्याची पिशवी यांच्याजवळ पाय नेऊ नका. मोजे घाला. अंघोळीचे पाणी पायाने तपासू नका, कोपराने तपासा. उन्हाळ्यात मंदिराच्या फरशीवर अनवाणी चालू नका. श्रावणात आमच्या गाझियाबादवरून हरिद्वारची कावड जाते, आषाढात आपल्याकडे वारी निघते. श्रद्धा प्रत्येकाची, तिला आमचा नमस्कार. पण साखरेच्या माणसाने अनवाणी नवस बोलू नये. पांडुरंगाला आपले पाय नकोत, आपण चालत यावे एवढेच त्याला हवे.

आणि फोड, जखम, रंग बदललेले बोट, पू, वास, एका पायाची सूज, यांपैकी काहीही दिसले तर उद्यावर टाकायचे नाही. त्याच दिवशी दाखवायचे, आणि दाखवेपर्यंत त्या पायावर चालायचे नाही.

आता सगळ्यांच्या मनातल्या भीतीकडे येतो. "साखर लिहिली गेली तर कॅटेगरी जाईल." ही भीती खोटी नाही. रोजगार आणि भत्ते यांचा प्रश्न आहे आणि लाइनवरचा माणूस टेबलावर गेला की काही भत्ते जातात. पण कायदा काय म्हणतो तेही ऐका. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४७ ने सांगितले की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कामगाराला काढता येणार नाही, त्याचा दर्जा कमी करता येणार नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे आणि जागा नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवायचे. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने कुणाल सिंग यांच्या खटल्यात हे कलम ठामपणे उचलून धरले. ते कॉन्स्टेबल होते. ड्यूटीवर पायाला इजा झाली, गँगरीन झाले, पाय कापावा लागला आणि त्यांना सेवेतून घरी पाठवले होते. १९९५ चा कायदा जाऊन २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, त्याच्या कलम २० मध्ये हेच संरक्षण कायम आहे. मेडिकल डीकॅट झालेल्या रेल्वे कामगाराला पर्यायी काम देण्यासाठी आपल्या आस्थापना नियमावलीत स्वतंत्र प्रकरण आहे.

आमचे कीमन साथी आज याच तरतुदींमुळे कचेरीत बसतात. जयपूर फूट लावून येतात. नोकरी वाचली. म्हणजे ज्या नोकरीसाठी आम्ही त्यांना आजार लपवायला सांगितला ती नोकरी कायद्याने तशीही वाचणार होती. गेला तो पाय. हा हिशेब आम्ही रोज रात्री करतो आणि तो कधी जुळत नाही.

लपवलेली साखर उपचाराविना वाढते, आणि वाढलेली साखरच माणसाला अनफिट करते. नोंद केलेली, गोळ्यांनी आणि पथ्याने ताब्यात ठेवलेली साखर घेऊन लोक सन्मानाने निवृत्त होतात. म्हणून आजपासून आमची युनियन कुणालाही आजार लपवण्याचा सल्ला देणार नाही. नोंद करा. त्यानंतर कॅटेगरीवर, भत्त्यावर, बदलीवर जे काही येईल ते लढायला आम्ही आहोत. त्यासाठीच तुम्ही वर्गणी देता.

काही साथी विचारतील, हा युनियनचा विषय आहे का? तर नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आठवा. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या चळवळीमुळे. तेच लोखंडे प्लेगच्या साथीत रोग्यांच्या सेवेत उतरले आणि १८९७ मध्ये त्याच रोगाने गेले. कामगाराचे शरीर हा चळवळीचा पहिल्या दिवसापासूनचा विषय आहे. मधल्या काळात तो विसरलो ते आम्ही.

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही ठराव मांडतो.

प्रशासनाकडे आमच्या मागण्या अशा. मुदतीच्या प्रत्येक वैद्यकीय तपासणीत, डोळे आणि रक्तदाब पाहतात त्याच टेबलावर, साखर असलेल्या कामगाराचे बूट काढून पाय तपासावेत आणि निकाल कार्डावर लिहावा. ज्यांना अशी मुदतीची तपासणीच नाही त्यांच्यासाठी वर्षातून एकदा लाइनवर शिबिर घ्यावे. प्रत्येक आरोग्य केंद्रात १० ग्रॅमचा धागा, ट्यूनिंग फोर्क आणि लहान डॉप्लर असावा आणि तो वापरायला परिचारिकांना शिकवावे. स्पर्श गेलेल्या कामगाराला योग्य बूट मिळावा. निवृत्त साथी आणि त्यांच्या पत्नी यांनाही हे सर्व मिळावे, कारण आजार निवृत्त होत नाही.

आणि स्वतःकडे आमच्या मागण्या अशा. प्रत्येक गँगमधून एका साथीने सहा बोटांची चाचणी शिकावी. १४ नोव्हेंबर हा मधुमेह दिन असतो. दरवर्षी त्या आठवड्यात, थंडी पडण्याआधी, शकूरबस्ती, तुघलकाबाद, गाझियाबाद, निजामुद्दीन इथल्या आपल्या प्रत्येक गेटवर बूट काढून बसायचे. पहिला पाय शाखा सचिवाचा असेल.

ठराव मंजूर असेल तर हात वर करू नका. हात आम्ही आयुष्यभर मोजले. आज समोर सतरंजी टाकली आहे, खजिनदार आणि दोन परिचारिका भगिनी बसल्या आहेत. ज्यांना साखर आहे त्यांनी बूट काढावेत आणि इथे यावे. ज्यांना साखर नाही, किंवा नाही असे वाटते, त्यांनी शेजारच्या टेबलावर बोट टोचून घ्यावे.

वहिनी आज इथे बसल्या आहेत. वहिनी, एक वर्ष उशीर झाला. पण तुम्ही सांगितलेले आज गेटवर म्हणतो आहोत.

बूट काढून बघा.

कामगार एकजुटीचा विजय असो!